खार फुलायच्या आत

भात कापून झालं, झोडपून झालं, पेंढ्याची उडवी रचून झाली की माझं घरात लक्ष लागत नाही. केर काढायला घेतला तर केरसुणी हातात आणि मी खिडकीशी. चहा ठेवला तर तो उकळून अर्धा. आमटीत तिखट टाकलं की नाही ते आठवत नाही, म्हणून पुन्हा टाकते, आणि मग जेवताना हे नुसते पाणी पीत राहतात, बोलत काही नाहीत. एरवी मी अशी नाही. सत्तावीस वर्षं शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले, चाळीस-चाळीस पोरं नुसत्या नजरेने जागेवर बसवली. पण दिवाळी सरली, वारा फिरला, सकाळी ओट्याची लादी पायाला गार लागायला लागली की मलाच मी जागेवर बसवू शकत नाही.

कारण मला माहीत आहे. यांना एक गोष्ट सांगायची आहे आणि चार वर्षं मी ती सांगितलेली नाही. बाकीच्या ऋतूंत ती कुठेतरी तळाशी पडून असते. याच दिवसांत वर येते.

आमचं गाव खारेपाटातलं. खाडीला भरती आली की तिचं पाणी आमच्या शेतांपेक्षा उंच असतं, मध्ये फक्त मातीचा बांध. पावसाळ्याचे चार महिने पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन खाली ढकलतो आणि तेवढ्या सवडीत आमचं भात होतं. पाऊस गेला, ऊन तापायला लागलं की ते मीठ पुन्हा वर चढतं. आधी बांधाच्या कडेला, मग सखल कोपऱ्यात, आणि एका सकाळी बघावं तर ढेकळांवर पांढरी पूड पसरलेली. याला आम्ही खार फुलला म्हणतो. एकदा तो फुलला की पुढच्या पावसापर्यंत तिथे गवताची काडीही तग धरत नाही. म्हणून भातानंतर आमची शेतं मोकळी. पलीकडे गोड्या जमिनीत लोक वाल पेरतात, पांढरा कांदा लावतात. आमच्याकडे पोरं क्रिकेट खेळतात आणि बाया जवळा सुकवतात.

अशा जमिनीत सूर्यफूल पेरायचं यांच्या डोक्यात आलं, त्याला चार वर्षं झाली. डोक्यात आलं म्हणजे पाकिटातून आलं. प्राचीने, आमच्या एकुलत्या एका मुलीने, पालीच्या एका ओळखीच्या बाईंबरोबर कॅनडाहून सामान पाठवलं होतं. माझ्यासाठी एक जाडजूड स्वेटर, जो घालायचा म्हटलं तर मला महाबळेश्वरला जाऊन राहावं लागेल, थोडी चॉकलेटं, आणि तळाशी बियांचं एक कागदी पाकीट. त्यावर सूर्यफुलाचं चित्र आणि कोपऱ्यात पेनाने लिहिलेलं, ‘बाबांसाठी’.

त्या तळहाताएवढ्या पाकिटाने घरात काय झालं हे कळायला मागचं थोडं सांगायला हवं. तिला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. तिने लग्न आपल्या मनाने ठरवलं, मुलगा दूरच्या प्रांतातला, आणि हे स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून एवढंच म्हणाले, “तुज्या मनाचा करतंस तर कर. मना बोलावू नको.” तिने बोलावलं, हे गेले नाहीत. यांना सोडून मीही गेले नाही. त्या दिवशी शाळेतून रजा काढून घरातले सगळे कपडे इस्त्री करत बसले, फडक्यांनासुद्धा इस्त्री केली. पुढे फोनवर बापलेकीचं बोलणं ठरलेलं असायचं. “बरी हायस?” “बरी. तुम्ही?” “बरा हाय. आईला देतो.” फार झालं तर तिकडे किती थंडी आहे ते विचारायचे, ती आकडा सांगायची आणि हे तो आकडा मला सांगायचे. सहा वर्षं माझ्या घरात नुसतं तापमान चाललं होतं.

आणि मग ते पाकीट. तिने यांच्या नावाने पाठवलेली पहिली वस्तू.

दोन दिवस ते टीव्हीवर तसंच पडून होतं. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून हे ते वाचायला बसले. इंग्रजी अडलं की मला हाक. “फ्रॉस्ट म्हंजे काय गो?” मी सांगितलं, तिकडे थंडीत दव गोठतं, पांढरा थर बसतो, त्यात कोवळी रोपं जळून जातात. म्हणून लिहिलंय, आपल्या भागातला शेवटचा फ्रॉस्ट कोणत्या तारखेला पडतो ते बघून मगच बी पेरा. आणि मला हसू आलं. म्हटलं, आपल्याकडे कसला आलाय फ्रॉस्ट, पंखा बंद करायचे चार दिवस मिळत नाहीत.

हे हसले नाहीत. तीस वर्षं कंपनीच्या प्लांटमध्ये काट्यांवरचे आकडे दर तासाला टिपून घेण्यात गेलेली. तारीख बघा असं छापलेलं असेल तर ती कुठेतरी असणारच, हा माणसाचा स्वभाव. बराच वेळ खिडकीतून शेताकडे बघत राहिले आणि म्हणाले, “हाय आपल्याकडं. त्यांचा वरनं पडतो, आपला खालनं येतो.”

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, खाराबद्दल बोलताहेत.

त्यानंतर आमच्याकडे खार फुलण्याच्या तारखेचा शोध सुरू झाला. गावात ही तारीख कुणी कधी टिपून ठेवलेली नाही, कारण तिचा कुणाला उपयोग नाही. हे घरोघर विचारत फिरले. कुणी म्हणे संक्रांत झाली का आलाच. कुणी म्हणे माघी गणपतीच्या आदी न्हाय. एका म्हाताऱ्याने सांगितलं, आमच्या बारकेपनी होळीला यायचा, आता सगलाच लवकर येतंय. हे सगळं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असायचं, नाव आणि तारीख, नाव आणि तारीख. लोक तोंडावर काही बोलले नाहीत, पण मला बाजारात विचारायचे, दादांची तब्येत बरी आहे ना?

पाकिटात बिया चाळीसच. तेवढ्याने शेत काय दिसणार, म्हणून हे माणगावला बियाण्याच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं जमीन कुठली, यांनी सांगितलं खारेपाट, तर तो म्हणाला, “काका, त्यापेक्षा गच्चीवर कुंडीत लावा.” हे किलोभर बी घेऊन आले.

त्याच आठवड्यात प्राचीचा मला फोन, जानेवारीच्या शेवटी येतेय, दहा दिवस, एकटीच. सहा वर्षांनी पहिल्यांदा. मी यांना सांगितलं. “बरं,” म्हणाले आणि कॅलेंडरचं पान उलटलं. रात्रीच्या जेवणापर्यंत ते पान तसंच उलटलेलं होतं आणि जानेवारीच्या शेवटच्या ओळीत पेन्सिलीचा एक बारीक गोल होता.

मग मोजणी उलटी सुरू झाली. फुलायला दोन महिने, म्हणजे पेरणी नोव्हेंबरच्या शेवटी. आधी पेरावं तर भाताच्या शेतात चिखल, बी कुजणार. उशीर करावा तर कळी धरायच्या आत खार. आणि फुलं उमलायची ती नेमकी त्या दहा दिवसांत, आधी नाही, नंतर नाही. हाताशी राहिली आठ-दहा दिवसांची फट.

मला सगळं दिसत होतं. यांना माफी मागता येत नाही. मुद्दाम नाही, ती गोष्टच यांना कुणी शिकवलेली नाही. माझ्याकडे लग्नापासून एकदाही मागितलेली नाही, चुका मात्र भरपूर केल्या. तर आता ती त्या चाळीस बियांकडून मागवून घ्यायची होती. लेकीने पाठवलेलं बी तिला फुललेलं दाखवायचं, म्हणजे बोलायला नको. मला राग येत होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही मी भांड्यांवर काढत होते.

आता खिडकीतून दिसतंय ते शेत तेच आहे. कापलेल्या भाताची खुटं, मधून मधून पाणी साचून चमकणारे खड्डे, बगळे. ओल्या पेंढ्याचा तो आंबूस वास. दर वर्षी तोच वास.

त्या साली हे रोज सकाळी शेतात जाऊन मूठभर माती उचलायचे, दाबायचे आणि गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचे. गोळा तसाच राहिला तर चिखल. पूड झाली तर ओल गेली. पडून दोन-चार तुकडे झाले की वाफसा आला, पेरायला हरकत नाही. मी बांधावरून ओरडायचे, “पेरा की आता, किती खेळताय मातीत.” हे म्हणायचे, “थांब गो, हाताला लागतंय अजून.” मला कधीच थांबता आलं नाही. आमच्या संसारात थांबायचं काम यांच्याकडे आणि धावायचं माझ्याकडे.

आणि एका सकाळी गोळा फुटला. तीन तुकडे. हे वाकून त्या तुकड्यांकडे बघत राहिले, मग घरी येऊन चहाही न घेता बी घेऊन गेले. पाकिटातल्या चाळीस बिया तळ्याच्या कडेच्या पहिल्या ओळीत, कारण बांधावरून येणाऱ्याला ती ओळ आधी दिसते. माणगावचं बी मागे. पाचव्या-सहाव्या दिवशी उगवलं. प्रत्येक कोंबाच्या डोक्यावर बियाच्या सालीची टोपी. हे रोज मोजायचे. चाळीसातली छत्तीस आली. दोन पानं, चार पानं, सहा पानं. जेवताना पानांच्या गोष्टी, झोपताना पानांच्या गोष्टी. इतकं बोलताना मी यांना लग्नानंतर पाहिलेलं नव्हतं.

इथे माझं बिनसलं. सरळच सांगते, मला हेवा वाटला. मुलगी माझीही होती. सहा वर्षं तिच्याशी बोलत राहिले ती मी, यांच्या ‘आईला देतो’ला तोंड दिलं ते मी, आणि आता ती येणार तर सगळं शेतावर, फुलांवर, यांच्या गोलावर. माझ्याकडून तिला काय? माझ्याकडे होता जिताडा.

शेताला लागून आमचं तळं आहे. पावसाळ्यात खाडीतली जिताड्याची पिल्लं आणून त्यात सोडतात, ती दोन-तीन वर्षांत हातभर होतात. प्राचीला लहानपणापासून जिताडा म्हणजे जीव की प्राण. पण हिवाळ्यात तळ्याचं पाणी उतरतं, नुसतं गोडं राहतं आणि माशाला चिखलाचा वास लागतो. यावर आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय आहे. मासा काढायच्या महिनाभर आधी तळ्यात एका भरतीचं खारं पाणी घ्यायचं, मांस घट्ट होतं आणि वास जातो. माझ्या सासूबाई घेत, मीही घेतलेलं आहे. पण तेव्हा तळ्याच्या कडेला काही पेरलेलं नसायचं.

मार्गशीर्षातली अमावास्या होती. उधाणाची भरती, आणि ती दुपारी बाराला. हे पोपटांपासून फुलं वाचवायची जाळी आणायला सकाळच्या एसटीने माणगावला गेलेले. मी बाळारामभावजींकडे गेले. हे आमचे चुलत दीर, बांधातली उघाडी त्यांच्याकडे असते. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी अडवायला बसवलेलं लाकडी फळ्यांचं दार.

“भावजी, एक फळी काढा. तळ्यापुरतं पाणी घेऊ.”

“दादा खय हाय?”

“माणगावला गेलेत. यायच्या आत होतंय.”

ते डोकं खाजवत उभे राहिले. “वयनी, उधानाचा पानी हाय. त्याचा काय सांगता येत न्हाय. आन कडंला दादानं त्या काय लावल्यान...”

“अर्धा तास, भावजी. प्राची येतेय.”

प्राचीचं नाव घेतलं आणि त्यांनी फळी काढली. पाणी आलं, तांबूस, फेसाळ, वेगाने. तळ्यात शिरताना मी बघत होते आणि मला खरंच आनंद झाला होता. अर्ध्या तासाने ते फळी बसवायला गेले तर बसेना. लाकूड भिजून फुगलेलं, खाचेत जाईना, आणि समोरून पाण्याचा रेटा. आम्ही दोघांनी अंगाचा भार घालून पाहिलं. भरती फिरेपर्यंत पाणी येतच राहिलं. तळं भरलं, काठावरून ओसंडलं आणि पहिल्या ओळीच्या बुंध्याशी जाऊन उभं राहिलं. फार नाही, चार बोटं. ओहोटी लागली तसं ते उतरलं आणि मी मनाशी म्हटलं, चार बोटांनी काय होतंय.

साडेचारच्या एसटीने हे आले, जाळी तशीच खांद्यावर टाकून शेतावर गेले. परत येऊन म्हणाले, “कडंला ओल कशी?”

मी म्हणाले, “मी घातलं पाणी. सुकल्यासारखी वाटली रोपं.”

यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या मायेने माझ्याकडे बघितलेलं मला आठवत नाही. “बरा केलास,” म्हणाले.

ते दोन शब्द मला अजून झोपू देत नाहीत.

चौथ्या दिवशी पहिल्या ओळीतल्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. मग तपकिरी. मग कडा चुरगळून हातात यायला लागल्या. आठवड्याने त्या ओळीच्या ढेकळांवर पांढरी पूड होती. मागची माणगावची रोपं हिरवीगार आणि पुढे लेकीची ओळ जळालेली. हे त्या पांढऱ्यावर बोट फिरवून जिभेला लावून बसले होते. “आला,” म्हणाले, “येवढ्यात आला. माजा दिवस चुकला. आठ दिस आदी पेराला पायजे व्हता.” आणि घरी येऊन कॅलेंडरच्या मागे सगळ्या म्हाताऱ्यांच्या तारखा पुन्हा वाचत बसले.

मग गोड्या पाण्याने मीठ धुवायचं ठरलं. घराच्या नळापासून शेत तीनशे पावलं. दोन हातांत दोन हंडे, गुडघे दुखणारा माणूस, दिवसातून आठ-दहा फेऱ्या. मीही वाहिलं पाणी. यांच्या मागे मागे, हंडा कमरेवर. डोळ्यांसमोर यांची पाठ, शर्टावर घामाचा नकाशा, आणि प्रत्येक फेरीला वाटायचं, आता सांगते, हा हंडा ओतला की सांगते. बांधावर बाळारामभावजी भेटले की मान खाली घालायचे. एकदा हळूच म्हणाले, “मी काय बोलनार न्हाय वयनी. पन त्यो सोताला खातंय गो.” मी त्यांना वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं.

का सांगितलं नाही? या प्रश्नाशी मी किती दुपारी भांडले आहे. भीती होती म्हणावं तर हे कधी आवाज चढवत नाहीत. लाज होती, हे खरं. पण त्याहून मोठं म्हणजे त्या ‘बरा केलास’चं काय करायचं ते कळत नव्हतं. ते परत कसं देणार?

प्राची आली. विमानतळावरून गाडीने, दुपारी, डोळे सुजलेले. दारात मी ओवाळलं. हे तिच्या बॅगा उचलून आत नेण्यात इतके गुंतले की तिच्याकडे बघायचं राहून गेलं. जेवायला जिताडा होता. तिने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. “आई, तिकडे कितीही पैसे टाक, अशी चव नाही मिळत.” मांस घट्ट होतं, वास अजिबात नव्हता, सगळं जसं व्हायला हवं तसं झालं होतं. मी माझ्या पानातला तुकडा तिच्या पानात वाढला. हे म्हणाले, “खा गो, तुज्यासाटी राखलेला हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हे तिला म्हणाले, “चल, दाखवतो.” मीही गेले. मागची सूर्यफुलं उमलली होती. यांचा हिशेब दिवसाचाही चुकलेला नव्हता. पिवळंजर्द शेत, सगळी तोंडं उगवतीकडे, मधमाश्या नुसत्या दाटलेल्या. प्राचीने तोंडावर हात ठेवला. फोटो काढले. मग तिने विचारलं, “बाबा, मी पाठवलेली कुठली?”

हे पहिल्या ओळीशी जाऊन उभे राहिले. छत्तीसातली अकरा जिवंत होती, गुडघ्याएवढी, पुरीएवढी फुलं. बाकीची वाळून उभी. हे तिच्याकडे न बघता त्या काटक्यांकडे बघत म्हणाले, “ह्या तुज्या. चूक माजी हाय. माफ कर मना.”

प्राचीने यांच्या शर्टाची बाही धरली आणि तशीच उभी राहिली, लहानपणी जत्रेत धरायची तशी, आणि मग रडायला लागली. यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी चार पावलांवर होते. तेव्हाच बोलायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण या माणसाने जन्मात एकदा माफी मागितली होती, आणि ती मिळाली होती. मी मध्ये पडून म्हणायचं, अहो, तुमची चूकच नव्हती? मग ती माफी कशाची राहिली असती? ते दोघं पुन्हा तापमानावर गेले असते तर?

मी चपलेला लागलेला चिखल काढत बसले.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी फोन. मला द्यायचं ते विसरतात. ती मे महिन्यात अंगणात बी लावते, तर हे विचारतात, “पडला काय शेवटचा? घाई नको करूस, एक आठवडा थांब.” कॅनडाच्या फ्रॉस्टची यांना आता माझ्यापेक्षा, कदाचित तिच्यापेक्षा जास्त माहिती आहे. मी पलीकडे भाजी निवडत ऐकत असते आणि स्वतःला सांगत असते, बघ, बरं झालं ना गप्प बसलीस ते.

पण नोव्हेंबर येतो. त्या साली शिकलेली गोष्ट हे विसरलेले नाहीत. दर वर्षी आठ दिवस आधी पेरतात. गोळा फुटत नाही, हाताला चिकटतो, तरी पेरतात. तीस वर्षं आकड्यांवर चाललेला माणूस स्वतःच्या हाताचं ऐकत नाही, कारण एकदा ऐकलं आणि लेकीची ओळ जळाली. पहिल्या वर्षी अर्धं बी कुजलं. दुसऱ्या वर्षी त्याहून जास्त. गेल्या वर्षी सबंध शेतात सतरा फुलं आली. प्राचीला त्यातल्या मोठ्यात मोठ्या फुलाचा फोटो जातो, जवळून काढलेला, बाकीचं शेत दिसू नये असा. “जमिनीचा काय खरा न्हाय,” म्हणतात आणि पुढच्या वर्षाचं कॅलेंडर मागवतात. परवा बाळारामभावजी बांधावर आडवे उभेच राहिले. “वयनी, त्यो परत चिखलान पेरतंय गो. आता तरी सांग त्याला.”

आणि यंदा प्राची पुन्हा येते आहे. जानेवारीच्या शेवटी, जावयांना घेऊन. जावई या घरात पहिल्यांदा. नवं पाकीट महिन्यापूर्वीच आलं, ‘बाबांसाठी’. कॅलेंडरवर गोल आहे, या वेळी पेनाचा. काल मी चोरून शेतात जाऊन मूठभर माती उचलली, दाबली, सोडली. गोळा थप्प करून पडला आणि तसाच राहिला.

आज सकाळी हे परात घेऊन बसले होते. परातीत बी पसरलेलं, मधून काडीकचरा वेचून झालेला, बाजूला पाण्याने भरलेला तांब्या. भिजवायचं आणि उद्या पेरायचं. एकदा भिजलं की बी थांबत नाही, पेरावंच लागतं. यांनी तांब्या उचलला.

“पाणी ओतू नका,” मी म्हणाले.

“का?”

“अजून आठ दिवस आहेत. त्या साली तुमचा दिवस बरोबर होता. मी उघाडीची फळी काढायला लावली होती, जिताड्यासाठी. अमावास्येला, तुम्ही माणगावला गेला होता तेव्हा. फळी परत बसली नाही, खारं पाणी ओळीत शिरलं. मी पाणी घातलं म्हणाले ते खोटं होतं.”

एका दमात बोलले. चार वर्षं जे बोलायचं होतं ते इतकं थोडं होतं.

हे तांब्या धरून बसले होते. म्हणाले, “जाली आनाला गेलेलू तवा.”

“हो.”

“म्हंजे मी तीन वर्सं चिखलान पेरतंय.”

“हो.”

यांनी तांब्या खाली ठेवला, पंच्याला हात पुसले आणि उठून ओट्यावर गेले. मी परातीसमोर बसून राहिले. बाहेर काहीच आवाज नव्हता. मला वाटलं, शेतावर गेले असतील, नाही तर बाळारामभावजींना विचारायला. मग फोन लागल्याचा आवाज आला. हे नेहमी मोठ्याने ऐकू येईल असाच ठेवतात, कानाला लावणं यांना जमत नाही.

“प्राची, रविवार न्हाय तरी केला. येक सांगाचा व्हता. त्या साली तुजी ओल जलली ना, त्यात माजा दिवस चुकला नव्हता गो. बरोबर व्हता.”

“असं? मग कशाने जळली, बाबा?”

मी परात बाजूला सरकवली.

“खाडीचा पानी शिरला,” हे म्हणाले. पुढे काही नाही. उघाडी नाही, जिताडा नाही, मी नाही.

तिकडे रात्र झाली असणार, तिच्या घरातलं कुठलं तरी यंत्र घरघरत होतं. मग तिने विचारलं, “मग बाबा, तेव्हा तुम्ही माझी माफी कशाची मागितली?”

याच प्रश्नाला मी चार वर्षं भीत होते.

“ती रोपांची नव्हती गो,” हे म्हणाले.

मग फोन ठेवून आत आले, माझ्याकडे न बघता खाली बसले आणि परातीतलं बी मुठीमुठीने पुन्हा पिशवीत भरायला लागले.